निवडणुकीतला पैसा आणि परदेशी हात: प्रबंधाला अमेरिका घ्यावी की भारत?

जळगाव, धुळे, नंदुरबारकडची बरीच पोरं एलएलएमला किंवा राज्यशास्त्राच्या एमएला निवडणुकीतला परदेशी पैसा आणि तो फिरवणारा मधला माणूस हा विषय घेतात आणि मग अडतात, की अमेरिकेतल्या केसेस घ्यायच्या की आपल्याकडचा कायदा. मी स्वतः हे दोन्ही चाळून मग एक निवडलं, म्हणून लिहितोय. कलमं तुम्हाला माहीत असतीलच, ती परत सांगत बसत नाही.

आधी भारताची बाजू, कारण तिचं पारडं वरवर बघता जड आहे. माणसं आपली, भाषा आपली. चोपड्याला नाहीतर शिरपूरला एखाद्या जुन्या कार्यकर्त्याशेजारी पारावर बसलात आणि अहिराणीत बोललात तर तो गाड्या, जेवणावळी, बूथचा खर्च सगळं सांगतो, असं अमेरिकेत तुम्हाला कोण सांगणार? आणि परदेशी पैशाचा मुद्दा तर आपल्याकडे फारच गंभीर आहे. २०१४ च्या मार्चमध्ये दिल्ली हायकोर्टाने निकाल दिला की भाजप आणि काँग्रेस दोघांनीही लंडनच्या वेदांताशी संबंधित कंपन्यांकडून देणग्या घेऊन परदेशी देणगीचा कायदा मोडला. मग काय झालं? २०१६ च्या वित्त कायद्यात परदेशी देणगीदार कोण याची व्याख्याच बदलली आणि तीही मागच्या तारखेपासून, २०१० पासून लागू. ते पुरलं नाही म्हणून २०१८ मध्ये परत बदल केला आणि थेट १९७६ पर्यंत मागे नेला. गुन्हा राहिलाच नाही! हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला होता आणि अजूनही येतो. ज्याला कायदा कसा बदलतात हे लिहायचंय त्याच्यासाठी याच्याइतका दमदार विषय नाही, हे मी मान्य करतो.

उमेदवाराच्या खर्चाचंही तसंच. महाराष्ट्रात विधानसभेला मर्यादा ४० लाख, लोकसभेला ९५ लाख, पण पक्षाने केलेल्या खर्चाला मर्यादाच नाही. १९७४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंवरलाल गुप्ता केसमध्ये म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही धरा, तर लगेच कायद्यात दुरुस्ती करून ते मोडीत काढलं. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे जाहीर कार्यक्रमात बोलून गेले की २००९ च्या निवडणुकीत ८ कोटी खर्च झाला, त्यावर आयोगाची नोटीस आली. आणि हिशोबच ठेवला नाही तर जुन्या दंडसंहितेत दंड किती, तर ५०० रुपयांपर्यंत. आता न्याय संहितेत ५,००० केलाय.

मग अडचण कुठे? कागदात. माझा निर्णय याच एका गोष्टीने झाला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

उमेदवाराचा हिशोब कुणीही १ रुपया फी भरून बघू शकतो, नियमातच आहे. चांगली गोष्ट आहे. पण प्रत्यक्षात हातात काय पडतं, तर स्कॅन केलेली पानं. आडवी, तिरकी, निम्मी पुसट. मंडप, खुर्च्या, चहा-नाश्ता, रिक्षावरचा भोंगा, सगळं हाताने लिहिलेलं, त्यावर शिक्का, शिक्क्याखाली आकडा दबलेला. मला एवढंच बघायचं होतं की एकाच गाडीवाल्याची किंवा मंडपवाल्याची बिलं वेगवेगळ्या उमेदवारांच्या हिशोबात आहेत का, कारण मधला माणूस सापडतो तो असाच. पण सर्च चालत नाही ना! एक पान मोबाईल फिरवून वाचायचं, नाव वहीत लिहायचं, पुढचं पान, तिथे त्याच माणसाचं नाव वेगळ्या स्पेलिंगने, तिसरीकडे फक्त आडनाव, आणि पाटील-चौधरी-महाजन आपल्या भागात किती आहेत हे काय सांगायचं. मे महिन्यातलं ऊन, लाईट गेलेली, आणि संध्याकाळी वही बघितली तर त्यातून पुराव्यासारखं काही हाती नाही. नक्कल मागितली तर तीही त्याच स्कॅनची झेरॉक्स. याचं मला सगळ्यात वाईट वाटलं, कारण माहिती दडवलेली नाहीये, दिलेली आहे, पण अशी दिलीय की तिचा उपयोग करणारा माणूस थकून सोडून देईल.

निवडणूक रोख्यांचंही आठवा, म्हणजे नाव जाहीर न करता पक्षाला देणगी द्यायची योजना. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने योजना रद्द केली, स्टेट बँकेने ३० जूनपर्यंत मुदत मागितली, कोर्टाने ती दिली नाही, १४ मार्चला आयोगाने याद्या टाकल्या. पण एका यादीत रोखे घेणारे आणि दुसरीत पक्ष, कुणाचा रोखा कुणाला गेला ते जुळतच नव्हतं. कोर्टाने परत खडसावलं तेव्हा २१ मार्चला रोख्यांचे नंबर असलेली, जुळवता येईल अशी माहिती आली.

आता अमेरिका. तिथे २०० डॉलरच्या वर देणाऱ्याचं नाव, पत्ता, धंदा, नोकरी कुणाकडे, सगळं फेडरल इलेक्शन कमिशन म्हणजे निवडणुकीच्या पैशावर लक्ष ठेवणाऱ्या तिथल्या आयोगाच्या साइटवर येतं, नाव टाका, यादी काढा, एक्सेलमध्ये घ्या. घरी बसून, फुकट. ट्रम्पच्या वर्तुळात वावरणारे दोन व्यावसायिक, पार्नस आणि फ्रूमन, यांची केस बघा. २०१८ च्या मे महिन्यात ट्रम्पसमर्थक सुपर पॅकला (उमेदवारापासून वेगळी राहून हवा तितका प्रचारखर्च करू शकणारी संस्था) ३,२५,००० डॉलर आले, देणारी कंपनी ग्लोबल एनर्जी प्रोड्यूसर्स, नुकतीच निघालेली. कॅम्पेन लीगल सेंटर नावाच्या संस्थेने त्या जाहीर नोंदीवरून जुलैमध्येच तक्रार केली. दोघांना विमानतळावर अटक झाली ऑक्टोबर २०१९ मध्ये. म्हणजे तपास यंत्रणेच्या आधी नोंद वाचणाऱ्याने बोट ठेवलं होतं! पुढे आरोपपत्रात रशियन व्यावसायिकाने पाठवलेले १० लाख डॉलर कसे फिरले तेही टप्प्याटप्प्याने आहे. फ्रूमनने २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला, पार्नसला त्याच वर्षी ज्यूरीने दोषी धरलं आणि २०२२ मध्ये २० महिन्यांची शिक्षा झाली.

लॉबिंग करणाऱ्या सॅम पॅटनची केस छोटी आहे पण शिकायला उत्तम: युक्रेनच्या धनिकासाठी ट्रम्पच्या शपथविधी सोहळ्याची चार तिकिटं ५०,००० डॉलरला घेतली, पण नाव पुढे केलं एका अमेरिकन माणसाचं. दुसऱ्याच्या नावाने पैसे भरायची ही पद्धत आपल्याकडच्या बेनामीसारखीच, म्हणून चटकन कळते. मुंबईत जन्मलेले अमेरिकेतले उजव्या विचारांचे लेखक दिनेश डिसूझा यांनीही २०१४ मध्ये असाच गुन्हा कबूल केला होता.

तिथे सगळं गोड आहे असं अजिबात नाही. कमिशनवर सहा जागा, एका पक्षाचे तीनच्या वर नाहीत, निर्णयाला चार मतं लागतात, त्यामुळे प्रकरणं तिथेच अडकतात. कंपन्यांना निवडणुकीत हवा तितका स्वतंत्र खर्च करायची मोकळीक देणाऱ्या २०१० च्या सिटिझन्स युनायटेड निकालानंतर सुपर पॅक वाढले, आणि काही संस्था तर देणगीदारांची नावंच सांगत नाहीत. वर राष्ट्राध्यक्षांची माफी आहेच. ट्रम्पच्या २०१६ च्या प्रचाराचा प्रमुख राहिलेल्या मॅनाफोर्टला डिसेंबर २०२० मध्ये माफी मिळाली, डिसूझांना २०१८ मध्येच. तोंडी परीक्षेला कुणीतरी विचारणारच, की खान्देशातल्या पोराला याचं काय? प्रश्न चुकीचा नाही, उत्तराची तयारी ठेवा.

तरी मी अमेरिका घेतली आणि आज परत निवडायचं झालं तर बहुतेक तीच घेईन. दलाल पैसा कसा फिरवतो, कंपनी कधी काढतो, नाव कुणाचं लावतो, हे एकदा पूर्ण कागदावर बघितलं की नजर तयार होते. ज्याच्याकडे भरपूर वेळ आहे, गावोगाव फिरायची तयारी आहे आणि मार्गदर्शक मुलाखतींना मान देणारे आहेत त्याने भारत घ्यावा, मी अडवणार नाही. नोकरी सांभाळून करणाऱ्याला मात्र मी ते सुचवणार नाही.

सुरुवात पॅटनच्या आरोपपत्रापासून करा, थोडक्यात आहे, मग पार्नस-फ्रूमनचं घ्या, मॅनाफोर्ट शेवटी कारण त्यात बँकेची फसवणूक आणि टॅक्सचे आरोप मिसळलेत. आणि भारतच ठरला तर रोख्यांची २१ मार्चची यादी उतरवा, १४ मार्चच्या यादीवर काम सुरू करू नका.