संत्र्याची कलमं म्हणून जंबेरी विकणाऱ्यापासून सावध राहा

नागपुरात ज्यांच्या अंगणात किंवा गच्चीवर चार कुंड्या आहेत आणि संध्याकाळी शेजारपाजारच्यांशी झाडांच्या गप्पा होतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या लेआउटमध्ये एका माणसाने काटोलकडचा बागायतदार म्हणून ओळख वाढवली, संत्र्याची कलमं म्हणून जंबेरीची रोपं विकली (जंबेरी म्हणजे लिंबाच्या जातीतलं काटेरी झाड, ज्याच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या खोडावर, संत्र्याचं कलम बांधतात), गांडूळ खत म्हणून पोत्यात भलतंच काही भरून दिलं आणि पैसे परत करतो म्हणून आमच्यातल्या एकीला पुन्हा लुबाडलं. तो पावसाळ्याच्या तोंडावर येतो. पुढच्या मृगाला तो आणखी कुठल्या तरी लेआउटमध्ये असेल, याची मला खात्री वाटते.

आम्ही त्रिमूर्तीनगरच्या बाजूला राहतो. ऊन उतरलं की मैदानातल्या निंबाखाली आमची बैठक बसते. बहुतेक बायकाच, दोन-तीन निवृत्त काका. बोलणं झाडांपासून सुरू होतं आणि कुठेही जातं. नागपूरचा मे महिना, पारा पंचेचाळीसच्या वर, तेव्हा सावलीची जाळी पन्नास टक्क्यांची लावायची की पंचाहत्तरची, कूलरमधलं उरलेलं पाणी कुंड्यांना चालतं का, बोअरच्या पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो तो कसा काढायचा. मग कुणाचे सरगुंडे वाळले, कुणाच्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं, लाखोळीची डाळ कुठे चांगली मिळते. कुणी सदाफुलीची रोपं वाटतं, कुणी लोणच्याची बरणी आणतं. त्या अर्ध्या-पाऊण तासाचं मोल आम्हालाच ठाऊक. ज्यांची मुलं पुण्या-बंगळुरूला आहेत त्यांचा तर दिवस त्याच वेळेसाठी असतो.

हा माणूस तिथेच आला. आधी मोटरसायकलवरून जाताना थांबला आणि एका काकूंच्या फाटकाजवळचं लिंबाचं झाड बघून म्हणाला, "काकू, पानं पिवळी पडून राहिली, पण शिरा हिरव्या आहेत ना? लोह कमी पडून राहिलं त्याले. पाण्यात चुना जास्त आहे." अगदी बरोबर होतं. आपल्याकडच्या चुनखडीच्या मातीत आणि जड पाण्यात लिंबूवर्गीय झाडांना लोह असूनही घेता येत नाही. उपायही त्याने योग्यच सांगितला, चिलेटेड म्हणजे झाडाला सहज घेता येईल अशा लोहाची फवारणी. पैसे मागितले नाहीत, काही विकलंही नाही. पंधरवड्यात नवी पालवी हिरवी आली आणि तो आमच्यातलाच झाला.

हे मी मुद्दाम सविस्तर सांगते आहे. फसवणारा माणूस अडाणी असतो, गोंधळलेला असतो, त्याच्या बोलण्यातून कळतं, असं पुष्कळांना वाटतं. याला संत्र्यातलं सगळं कळत होतं. आंबिया आणि मृग या संत्र्याच्या दोन बहारांतला फरक, बहारासाठी पाणी तोडून ताण कसा द्यायचा, खोडातून डिंक गळण्याचा डिंक्या रोग का होतो, सगळं तो न अडखळता सांगायचा. आमच्या घरच्या गोष्टीही त्याने लक्षात ठेवल्या होत्या. एका ताईंच्या सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, तर आल्या आल्या आधी त्यांची चौकशी. कुणाला काकू, कुणाला ताई, काकांना भाऊसाहेब. आमच्यातल्या कुणाकडेही संशय घ्यायला काही कारण नव्हतं, आणि आज ज्या बायका "आपणच भोळ्या" म्हणून स्वतःला दोष देतात त्यांना मी हेच सांगते की दोष त्याचा आहे, तुमचा नाही.

जूनच्या सुरुवातीला त्याने एक कलम आणलं. मोठ्या पिशवीतलं, कमरेइतकं, त्यावर दोन हिरवी संत्री. "कुंडीतही येते, फक्त वीस इंची घ्या." ते कलम खरं होतं. हातात घेऊन आम्ही सगळ्यांनी बघितलं. एका कलमाचे ३५० रुपये, निम्मे आगाऊ, शिवाय गांडूळ खताची पोती. नावं लिहून घ्यायला शाळेची वही होती, पावती नव्हती. पैसे यूपीआयने घेतले, पण प्रत्येकाकडून वेगळ्या नंबरवर. एक बायकोचा, एक भाच्याचा, एक मजुराचा असं सांगितलं.

माल आला तो भर पावसात, दिवेलागणीनंतर. टेम्पोतून पटापट पिशव्या उतरवल्या, उरलेले पैसे घेतले आणि "पुढच्या लेआउटमध्ये लोक वाट पाहून राहिले" म्हणून निघून गेला. रोपं हातभर उंचीची, प्रत्येकाच्या खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळलेली. कलम आहे हे दिसावं म्हणूनच ती पट्टी होती, हे नंतर कळलं.

दिवाळीच्या आधी रोपं जोरात वाढली. माझ्या कुंडीतल्या रोपाला जी नवी पालवी फुटली ती जांभळट होती आणि प्रत्येक पानाच्या बगलेत लांब, टोचणारा काटा. पान चुरगाळलं तर झणझणीत लिंबाचा वास. शेजारच्या घरी कृषी खात्यातून निवृत्त झालेले आजोबा आहेत. गुडघ्यांमुळे ते मैदानात येत नाहीत, त्यामुळे त्या माणसाची आणि त्यांची कधी गाठ पडली नव्हती. त्यांना रोप दाखवलं. त्यांनी ब्लेडने पट्टी हळूच कापून काढली आणि खोड माझ्यासमोर धरलं. आत डोळा, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरून काढून बसवतात तो अंकुर, नव्हताच. सालीवर चाकूची एक आडवी रेघ, तीही भरून आलेली. खालपासून वरपर्यंत एकच खोड, एकच साल.

"ही जंबेरी आहे," ते म्हणाले. "हिच्यावर संत्र्याचा डोळा भरतात. यानं नुसता खुंटच विकला तुम्हाला."

त्यांनी जे समजावून दिलं ते इथे लिहून ठेवते, कारण कलम विकत घेताना हेच बघायचं असतं. आपल्याकडे संत्र्याचा डोळा जंबेरीच्या किंवा रंगपूर लाईमच्या खुंटावर भरतात, साधारण थंडीत. डोळा धरला की तीन-चार आठवड्यांत पट्टी सोडतात, नाहीतर ती खोडात रुतते. म्हणजे जून-जुलैत विकायला आलेल्या कलमावर पट्टी असायचं काही कारण नाही. खऱ्या कलमावर मातीपासून वीतभर किंवा थोडं अधिक उंचीवर जोड दिसतो. तिथे खोड किंचित वाकलेलं असतं, खालची आणि वरची साल वेगळी दिसते आणि खुंटाचा शेंडा कापल्याची वाळकी खूण जवळच असते. जोड मातीत गाडलेला असेल तर ते कलमही घेऊ नये, तिथून बुरशी चढते. पान चुरगाळून वास घ्यावा. जंबेरीच्या पानाला लिंबाचा वास येतो, संत्र्याच्या पानाचा वास वेगळाच असतो. नाकाला एकदा कळला की विसरत नाही. जोडाच्या खालून फुटलेला काटेरी फुटवा दिसला तर तो काढायचा. आमच्या रोपांना जोडच नव्हता, त्यामुळे ती सबंधच तशी होती.

खताचं कळायला एवढा वेळ लागला नाही. चांगलं गांडूळ खत चहापत्तीसारखं रवाळ असतं आणि त्याला पहिल्या पावसाच्या मातीचा वास येतो. आमच्या पोत्यातलं भुकटीसारखं होतं, ओलं झालं की चिकट. बादलीत टाकून ढवळलं तर तळाला गाळ आणि वाळू बसली.

त्याचा फोन सुरुवातीला लागत होता. आवाजात तीच आपुलकी. "काकू, नर्सरीवाल्यानं मलेच फसवलं. सगळ्यांचे पैसे वापस करतो." आणि त्याने आमच्यातल्या एका ताईंना क्यूआर कोड पाठवला, हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. त्यांच्या खात्यातून नऊ हजार गेले. ही गोष्ट घरातल्या प्रत्येकाला सांगा, विशेषतः ज्यांनी यूपीआय नव्याने वापरायला घेतलं आहे त्यांना: पैसे येण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. ताईंच्या मुलाने लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन लावला, बँकेलाही कळवलं. त्यामुळे त्यातली काही रक्कम समोरच्या खात्यात अडवली गेली. उशीर झाला असता तर तीही निघून गेली असती.

बाकीच्यांची तक्रार नोंदवताना मात्र मला फार त्रास झाला, आणि तो पोलिसांचा नव्हता. "सातशे रुपयांसाठी ठाण्यात जायचं? लोक काय म्हणतील?" असं घरोघरी ऐकलं. एका काकूंनी तर मुलाला सांगितलंच नव्हतं, तो रागावेल म्हणून. त्या माणसाचा सगळा हिशेब यावरच चालतो. एकेकाकडून इतकेच घ्यायचे की भांडायला लाज वाटावी, आणि आधी इतकी माया लावायची की तक्रार करताना आपल्यालाच कृतघ्न वाटावं. शेवटी सगळ्यांनी मिळून एकच अर्ज केला, यूपीआयच्या व्यवहारांचे क्रमांक, टेम्पोचा कुणीतरी सहज काढलेला फोटो आणि पट्टी सोडलेली रोपं सोबत घेऊन. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं, रक्कम लहान असली तरी. ठाण्यातल्या हवालदार ताईंनी रोप उलटसुलट करून बघितलं, घरी त्यांचीही बाग आहे म्हणाल्या. दुकानातून पावतीने घेतलेला माल खोटा निघाला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, तिथेही बोलता येतं.

महाराष्ट्रात फळझाडांच्या रोपवाटिकेला १९६९ च्या कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो बघायला मागितला म्हणून खरा रोपवाटिकावाला चिडत नाही. आणि आपण तर नागपुरात राहतो. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, तिथे रोगमुक्त कलमं तयार होतात. आधी चौकशी करून जा.

आमची रोपं आजोबांनी फेकू दिली नाहीत. खुंट म्हणून ती उत्तमच आहेत, खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की डोळा भरता येतो. थंडीत त्यांनी संत्र्याच्या खात्रीच्या झाडावरून फांद्या मागवल्या आणि आमच्या काही जणींना इंग्रजी टी अक्षरासारखा छेद कसा द्यायचा ते शिकवलं. निम्मे डोळे धरले, बाकीचे काळे पडले. ज्यांचे धरले त्यांनाही फळाला चार-पाच वर्षं थांबावं लागेल.

तक्रारीवर चौकशी सुरू आहे. ज्या खात्यांत पैसे गेले त्यांतली काही दुसऱ्याच लोकांच्या नावाने उघडलेली निघाली. माणूस पस्तीस-चाळिशीचा, बोलायला गोड, पानाच्या शिरा बघून रोग सांगणारा, वहीत नावं लिहिणारा, पावती न देणारा आणि माल अंधार पडल्यावर आणणारा. तुमच्याकडे असा कुणी कलमं घेऊन आला तर पैसे देण्याआधी दिवसाउजेडी एका रोपाची पट्टी त्याच्यासमोर सोडून बघा. काही गडबड वाटली तर टेम्पोचा नंबर लिहून ठेवा आणि लगेच ठाण्यात कळवा.