वाटायची नानकटाई: घरचा ओव्हन की बेकरीची भट्टी?

दिवाळीत शेजारी, नातेवाईक, घरी कामाला येणाऱ्या मावशी अशा सगळ्यांना द्यायची म्हटली की नानकटाई किलोकिलोने लागते. अर्धा किलो मैद्याची करायची असेल तर घरचा ओव्हनच बरा. साजूक तूप पिठीसाखरेबरोबर पांढरं, हलकं होईपर्यंत फेसायचं, मैद्यात थोडं बेसन, वेलदोडा, जायफळ घालायचं आणि १६० ते १७० अंशांवर साधारण २० मिनिटं भाजायचं. कड किंचित रंगली की ट्रे बाहेर. गरम असताना ती मऊच लागते, गार झाली की खुसखुशीत होते.

तीन-चार किलोंचा घाट घातला तर मात्र ओव्हन पुरत नाही. एका ट्रेत जेमतेम १५-१६ मावतात. तोवर थांबलेलं पीठ उबेने सैल पडतं आणि शेवटच्या घाण्यातली नानकटाई पसरते. गोळे फ्रिजमध्ये ठेवले तर आकार टिकतो, पण अख्खी दुपार त्यातच जाते.

अशा वेळी मी भट्टीकडे जाते. बऱ्याच गावांत बेकरीवाले आपलं सामान घेऊन किलोमागे मजुरीवर भाजून देतात. मोठे पत्रे, विटांत साठलेली उष्णता. माल भराभर निघतो. लाकडाच्या भट्टीचा खरपूस वास तर घरी येतच नाही! तूप आपल्यासमोरच घालून घ्यावं. दिवाळीआधी रांग लागते, त्यामुळे दिवस आधीच ठरवावा. डबे पूर्ण गार झाल्यावरच बंद करा, वाफ कोंडली की नानकटाई सादळते.