माझदा ३ : बऱ्याच महिन्यांच्या वापरानंतर, आणि हिरोशिमाच्या हट्टाविषयी

माझदा ३ हॅचबॅक माझ्याकडे येऊन आता बरेच महिने झाले. २०२१ सालचं सेकंडहँड मॉडेल, दोन लिटरचं पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ऑटोमॅटिक. रोज मोनॅश फ्रीवेने ऑफिस, शनिवारी किराणा, आणि वेळ मिळाला की मेलबर्नबाहेर डँडेनॉंगचा घाट किंवा हिल्सव्हिलच्या पुढचा ब्लॅक स्पर. म्हणजे गर्दी, हायवे आणि वळणं, तिन्हीकडे गाडी भरपूर फिरली आहे. आता ठामपणे काही सांगता येईल असं वाटतं, म्हणून लिहिते आहे.

घेताना घरच्यांचा एकच प्रश्न होता, टोयोटा का नाही? प्रश्न रास्त आहे. आपल्या लोकांत माझदा म्हटलं की स्वराज माझदा आठवतं, पंजाब ट्रॅक्टर्सने माझदाच्या साथीने काढलेले ते टेंपो, मिनीबस आणि शाळेच्या गाड्या. माझदाच्या कार भारतात कधी आल्याच नाहीत. ऑस्ट्रेलियात मात्र परिस्थिती उलटी. इथे हे नाव घराघरात आहे. इथेच बनणाऱ्या होल्डन कमोडोर या गाडीने १५ वर्षं सांभाळलेला सर्वाधिक खपाचा मान २०११ मध्ये माझदा ३ ने घेतला आणि २०१२ मध्येही राखला. स्वतःच्या देशात बनलेल्या गाडीवर एवढा जीव असलेल्या लोकांनी एका जपानी हॅचबॅकला पहिला नंबर द्यावा, ही लहान गोष्ट नाही.

आधी गाडीबद्दल, कारण कंपनीच्या इतिहासात मी शिरले ती गाडीमुळेच.

सीटवर बसल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते हे, की पाय आपोआप सरळ पडतात. बऱ्याच लहान गाड्यांत पुढच्या चाकाची कमान आत येते, त्यामुळे पेडल किंचित डावीकडे सरकवलेली असतात आणि कंबर नकळत पिळलेली राहते. माझदाने पुढची चाकंच आणखी पुढे नेली आणि पेडल ड्रायव्हरच्या समोर आणली. ॲक्सिलरेटर वरून लोंबत नाही, तळाशी बिजागरीवर बसवलेला आहे, त्यामुळे टाच जमिनीवर टेकून ठेवता येते. ऑफिसहून परतताना ट्रॅफिकमध्ये तासभर रखडलं तरी माझी कंबर आता दुखत नाही. जाहिरातीत हे दाखवणार तरी कसं? शोरूममध्ये दहा मिनिटं बसूनही कळत नाही. महिन्याभराने कळतं.

वळणावरची गोष्ट याहून बारीक आहे. स्टिअरिंग फिरवायला सुरुवात केली की इंजिनची ओढ क्षणभर किंचित कमी होते, गाडीचं वजन जरासं पुढच्या चाकांवर येतं आणि टायर रस्ता नीट धरतात. हे काम कॉम्प्युटर करतो आणि इतक्या हळुवारपणे करतो की कळतही नाही. कळतं ते एवढंच, की वळणात स्टिअरिंग पुन्हा पुन्हा सावरावं लागत नाही. ब्लॅक स्परच्या रस्त्यावर, उंच झाडांमधून एकामागून एक वळणं येतात तेव्हा हात शांत राहतात. मागे बसणाऱ्यांना गाडी लागत नाही, हा मला सर्वांत मोठा फायदा वाटतो. माझ्या मुलीला पूर्वी घाटात हमखास उलटी व्हायची.

स्क्रीनला हात लावून काही होत नाही. माझ्या मॉडेलमध्ये टचस्क्रीन नाहीच. गिअरच्या मागे एक गोल बटण आहे, ते फिरवायचं आणि दाबायचं. पहिले काही दिवस विचित्र वाटतं. नंतर हाताला सवय होते आणि रस्त्यावरून नजर काढावी लागत नाही. स्क्रीनकडे हात लांबवला की खांदा हलतो आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंग नकळत ओढलं जातं, असं कंपनीचं म्हणणं होतं. वेग आणि त्या रस्त्याची वेगमर्यादा समोरच्या काचेवर दिसते. व्हिक्टोरियातले स्पीड कॅमेरे किती कडक आहेत हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. जगभरचे कारवाले मोठमोठ्या टचस्क्रीन लावत सुटले होते तेव्हा हा निर्णय घ्यायला धाडस लागलं असणार. पुढच्या काही मॉडेलांत त्यांनी थोडी तडजोड केली आहे. मला जुनंच बरं वाटतं.

इंजिनाला टर्बो, म्हणजे आत जादा हवा कोंबणारा पंखा, नाही. ११४ किलोवॅट ताकद, २०० न्यूटन-मीटर टॉर्क. चढावर पिकअप हवा असेल तर इंजिन जास्त जोरात फिरवावं लागतं. ॲव्हरेज गावात लिटरला बारा-तेरा आणि हायवेला सतराच्या आसपास, तेही साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलवर. यामागचं तंत्र बघण्यासारखं आहे. पेट्रोल आणि हवेचं मिश्रण जितकं जास्त दाबाल तितकं काम जास्त मिळतं, पण दाब वाढला की ठिणगी पडायच्या आधीच ते पेटतं आणि इंजिन ठोके देतं. म्हणून बहुतेक गाड्या मिश्रण दहा-अकरा पट दाबून थांबतात. माझदाने २०११ च्या सुमारास स्कायॲक्टिव्ह नावाच्या आपल्या नव्या इंजिनांत हा आकडा १३ आणि १४ पर्यंत नेला. त्यासाठी त्यांनी एक्झॉस्टचे पाइप लांब केले आणि चाराचे दोन, दोनाचा एक असे जोडले, म्हणजे एका सिलिंडरचा जळालेला गरम वायू दुसऱ्यात मागे शिरत नाही आणि मिश्रण थंड राहतं. बाकीचे इंजिन लहान करून टर्बो लावत होते, बॅटरी लावत होते. हायब्रिडवर ओतायला यांच्याकडे टोयोटाएवढा पैसा नव्हता. त्यांनी जुन्याच इंजिनात अजून काय सापडतं ते खणून काढलं.

हे वाचल्यावर मला प्रश्न पडला की ही माणसं आहेत तरी कोण. तिथून मी मागे मागे गेले.

१९२० साली हिरोशिमात बुचाच्या लाकडाचा माल बनवणारी एक कंपनी सुरू झाली, तोयो कॉर्क कोग्यो. पुढच्याच वर्षी जुजिरो मात्सुदा तिचे प्रमुख झाले. बुचाचा धंदा सोडून कंपनी यंत्रं बनवायला लागली, आणि १९३१ मध्ये तीनचाकी मालवाहू गाड्या. माझदा हे नाव त्या तीनचाकीवर आलं. ते मात्सुदा या आडनावाशी जुळतं आणि पारशांच्या अहुर माझदावरूनही घेतलं आहे.

६ ऑगस्ट १९४५. कारखाना शहराच्या पूर्वेला फुचू भागात, अणुबॉम्बच्या स्फोटाच्या केंद्रापासून पाचेक किलोमीटरवर. मध्ये हिजियामा नावाची टेकडी आहे. त्या टेकडीने स्फोटाचा मारा बराचसा अडवला आणि कारखान्याच्या इमारती उभ्या राहिल्या. शहरात असं दुसरं फारसं काही उरलं नव्हतं. म्हणून प्रांताचं सरकारी कामकाज त्याच इमारतींत आलं आणि पुढच्या वर्षीपर्यंत तिथूनच चाललं. रेडिओचं प्रसारणही तिथूनच पुन्हा सुरू झालं. आणि १९४५ च्याच डिसेंबरात तीनचाकी गाड्या पुन्हा बनू लागल्या. अवघ्या चार महिन्यांत. घरं पुन्हा बांधायला लाकूड, माती, धान्य वाहायला काहीतरी हवंच होतं. हिरोशिमाचे लोक या कंपनीला आपली मानतात ते तेव्हापासून. शहराचा बेसबॉल संघ कार्प, त्याच्या नावातला तोयो या कंपनीचा आणि त्याच्या मैदानावर नाव माझदाचं. टोकियोच्या किंवा नागोयाच्या कंपनीबद्दल असं गावाचं नातं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही.

आणि मग रोटरी इंजिन. माझदा म्हटलं की मोटरगाड्यांचे वेडे याच्यावरच बोलतात. साध्या इंजिनात पिस्टन वरखाली होतो. रोटरीमध्ये भुईमुगाच्या शेंगेच्या आकाराच्या पोकळीत एक त्रिकोणी चक्र फिरत राहतं. भाग कमी, थरथर नाही, आकार लहान. जर्मनीच्या एनएसयू कंपनीत फेलिक्स वँकेल यांनी ही कल्पना आणली आणि १९६१ मध्ये माझदाने परवाना घेतला. घेतला तो मुख्यतः जगण्यासाठी. जपानचं सरकार तेव्हा लहान वाहन कंपन्यांना मोठ्यांत विलीन करण्याच्या विचारात होतं. स्वतःचं असं काही तंत्र नसतं तर माझदा गेलीच असती.

काम आलं केनिची यामामोतो यांच्या गटाकडे, ४७ इंजिनिअर. त्रिकोणाच्या टोकांवरच्या पट्ट्या भिंतीला घासून तिथे ओरखडे पाडत. इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांच्या खुणा म्हणत. दुसऱ्या कितीतरी कंपन्यांनी परवाने घेतले आणि या ओरखड्यांपाशी सोडून दिले. यामामोतोंच्या गटाने कार्बनमध्ये ॲल्युमिनियम मुरवून पट्ट्या केल्या आणि १९६७ च्या मे महिन्यात कॉस्मो स्पोर्ट ही रोटरी गाडी विकायला आणली. यामामोतो पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले.

१९९१ मध्ये फ्रान्समधल्या ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत रोटरी इंजिनाची ५५ नंबरची माझदा ७८७बी जिंकली. ३६२ फेऱ्या. ही शर्यत जिंकणारी पहिली जपानी कंपनी. टोयोटाला त्यासाठी २०१८ पर्यंत थांबावं लागलं. शेवटच्या टप्प्यात गाडी चालवणारे जॉनी हर्बर्ट इतके थकले होते की बक्षीस घ्यायला त्यांना उभंही राहता आलं नाही. ही गोष्ट सगळे सांगतात, आणि सांगावीच. पण माझ्या मते कंपनीची खरी ओळख त्याआधीच्या एका पडत्या काळात दिसते.

१९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. रोटरी इंजिन पेट्रोल पितं. अमेरिकेतला खप कोसळला आणि कंपनी बुडायला आली. सुमितोमो बँकेने हात दिला, आणि कंपनीने कामगारांना घरी बसवण्याऐवजी हजारोंना विक्रेत्यांकडे पाठवलं. कारखान्यात गाड्या जोडणारी माणसं दारोदार गाड्या विकत हिंडली. १९८० ची फॅमिलिया ही साधी, काटकसरी गाडी तुफान चालली आणि जपानच्या पहिल्या कार ऑफ द इयर पुरस्काराची मानकरी ठरली. तोपर्यंत फोर्डने २५ टक्के हिस्सा घेतला होता. पण रोटरी त्यांनी टाकून दिलं नाही. १९७८ मध्ये, नुकतेच मरणाच्या दारातून परत आलेले असताना, त्यांनी आरएक्स-७ ही रोटरीचीच स्पोर्ट्स कार काढली. नंतर १९८९ ची एमएक्स-५ आली, दोन माणसांची उघडी गाडी. असल्या गाड्या जगात जवळपास कोणीच बनवत नव्हतं, तरी २०१६ पर्यंत दहा लाख एमएक्स-५ बनल्या.

सगळंच कौतुकाचं नाही. नव्वदच्या आसपास जपानच्या तेजीत त्यांनी पाच वेगवेगळ्या नावांची दुकानं थाटली आणि कर्जात रुतले. १९९६ मध्ये फोर्डचा हिस्सा ३३.४ टक्के झाला आणि हेन्री वॉलेस हे अध्यक्ष झाले, जपानी कारकंपनीचे पहिले परदेशी अध्यक्ष. अलीकडचं बघायचं तर २०२४ च्या जूनमध्ये प्रमाणपत्राच्या चाचण्यांतल्या गैरप्रकारांची कबुली ज्या जपानी कंपन्यांनी दिली त्यांत माझदाही होती, आणि दोन मॉडेलांचं उत्पादन थांबवावं लागलं. इथे ऑस्ट्रेलियात ग्राहक आयोगाने माझदा ऑस्ट्रेलियाला कोर्टात खेचलं. परत परत बिघडणाऱ्या गाड्यांच्या मालकांना त्यांच्या हक्कांबद्दल चुकीचं सांगितलं, असा निकाल २०२१ मध्ये लागला आणि २०२४ मध्ये एक कोटी पंधरा लाख डॉलरचा दंड झाला. गाडी घेण्याआधी मी हे वाचलं होतं, आणि ते विसरावं असं मी कुणालाही सांगणार नाही. त्यातून घ्यायचं ते हे, की ऑस्ट्रेलियात ग्राहक म्हणून कायद्याने मिळणारे हक्क वॉरंटीच्या कागदापेक्षा मोठे असतात, आणि ते आपल्याला पाठ असायला हवेत, गाडी कोणत्याही कंपनीची असो. दुसरीकडे, ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या अमेरिकेच्या कन्झ्युमर रिपोर्ट्सने २०२० च्या यादीत भरवशाच्या बाबतीत माझदाला पहिल्यांदाच सगळ्यांच्या वर ठेवलं, टोयोटाच्याही वर. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मला या कंपनीचं पटतं ते असं. पैसा थोडा असताना तो कुठे घालायचा, हे त्यांनी ठरवलेलं आहे. माझ्या गाडीत मागचं सस्पेन्शन साधं आहे, दोन चाकं एकाच आडव्या दांड्याला जोडलेली. आधीच्या पिढीत ते स्वतंत्र होतं. खर्च तिथे वाचवला. आणि पेडल, सीट, स्टिअरिंगचं वजन, बटणांचा टकटक आवाज, आतल्या कापडाची शिवण यावर तो खर्च केला. ज्याला शरीर रोज शिवतं तिथे कंजुषी नाही. इतकी वर्षं काठावर जगलेल्या कंपनीलाच हे इतकं नेमकं कळत असावं.

कोणासाठी नाही, तेही सांगते. डिकी २९५ लिटरची. दोन मोठ्या बॅगा आणि बाबागाडी एकत्र जमणार नाही. मागचे खांब रुंद आहेत आणि खिडक्या लहान, त्यामुळे मागची सीट अंधारी वाटते. लेन बदलताना ब्लाइंड स्पॉटचा दिवा आहेच, तरी मान वळवून बघायची सवय ठेवावी. गाडी बसकी आहे. नाशिकहून आई-बाबा येतात तेव्हा आम्ही बाबांना पुढे बसवतो, कारण गुडघे दुखणाऱ्या माणसाला मागून उठणं जड जातं. घरात वयस्कर माणसं कायमची असतील तर माझदाचीच सीएक्स-५ बघा, ती उंच आहे आणि हेच इंजिनांचं घराणं त्यातही आहे.

सेकंडहँड घेणार असाल तर २.५ लिटरच्या मागे धावू नका. रोजच्या वापराला दोन लिटर पुरतं. महागड्या मॉडेलला १८ इंची चाकं येतात, त्यांचे टायर बदलताना खिसा रिकामा होतो आणि खराब रस्त्यावर धक्केही जास्त बसतात. १६ इंची चाकांची गाडी मिळाली तर तीच घ्या. सर्व्हिसिंगची नोंद पूर्ण बघा, लाल रंगाच्या गाडीचं बॉनेट आणि पुढचा बंपर उन्हात नेऊन तपासा, कारण तो रंग अनेक थरांचा असतो आणि दुरुस्तीत जुळवणं कठीण जातं. टेस्ट ड्राइव्हला गेलात तर फ्रीवेवर जाऊ नका, तिथे सगळ्याच गाड्या चांगल्या वाटतात. एखादा वळणाचा रस्ता शोधा आणि मागे कुणालातरी बसवून न्या.