पियानोवरचा फ्रेडी मर्क्युरी, दातांसकट

पियानोच्या वर्गात लावायला ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचं तैलचित्र पुण्यातल्याच एका चित्रकाराकडून करून घेतलं. दोन बाय अडीच फुटांचा कॅनव्हास, फ्रेमसकट १४,००० रुपये. पैसे वसूल आहेत.

तयार मिळणारी चित्रं बहुतेक एकाच छापाची: पिवळं जाकीट, उगारलेली मूठ. ते जाकीट १९८६च्या दौऱ्यातलं, पण खाली बिनदिक्कत ‘लाइव्ह एड, १९८५’ असं मदतनिधीच्या मैफलीचं नाव लिहिलेलं असतं! मला पियानोवरचा फ्रेडी हवा होता. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, तिथेच पोरांचा बँड काढलेला हा पारशी मुलगा १३ जुलै १९८५ला त्या मैफलीसाठी लंडनच्या वेम्बलीत आला, तो आधी पियानोवर बसला. माझ्या मुलांनी तो फ्रेडी रोज बघावा असं मला वाटत होतं.

पेन्सिलीचं कच्चं रेखाटन व्हॉट्सअ‍ॅपवर आलं, त्यात ओठ मिटलेले. “लोक दात कमी करायला सांगतात, मॅडम,” चित्रकार म्हणाले. मी म्हटलं, दात हवेतच. तोंडात चार दात जादा, त्यांच्या रेट्याने पुढचे बाहेर आलेले. आवाज बदलेल म्हणून त्याने ते कधी काढून घेतले नाहीत. ते झाकून कसं चालेल? आता चित्रात मिशीखाली वरचा ओठ दातांवर ताणलेला दिसतो आणि गाणं सुरू होण्याआधीचा श्वासही त्यातच कळतो. पांढरा बनियन, दंडावरचा खिळ्यांचा पट्टा, पियानोवर ठेवलेले पेप्सीचे कप, काही सुटलेलं नाही.

हात मात्र पहिल्या खेपेला जमले नव्हते. बोटं पट्ट्यांवर आडवी पडलेली. अशी बोटं मी पहिलीतल्या मुलालाही चालवून घेत नाही. मी स्वतः वाजवतानाचे फोटो पाठवले. त्यांनी कुरकुर न करता ओला रंग पॅलेट नाइफने खरवडला आणि दोन्ही हात नव्याने रंगवले. डावी करंगळी अजून जराशी ताठ आहे, पण मनगटं आता जिवंत वाटतात.

सोनेरी नक्षीची फ्रेम त्या साध्या बनियनला अजिबात शोभत नाही. तुम्ही साधी काळी पट्टी सांगा.

शेवटचं वार्निश अजून व्हायचंय. तेलरंग आतून वाळायला सहा महिने ते वर्ष जातं, तेव्हा आठवड्यात चकचकीत करून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. काम देताना नेमक्या कोणत्या कार्यक्रमातला फ्रेडी हवा ते सांगा, आणि हातांचे फोटो वेगळे द्या.