महासागरी डायझोट्रॉफ डेटाबेस, आवृत्ती 2: वापरानंतरचा अभिप्राय

महासागरात नायट्रोजन स्थिर करणारे, म्हणजे नायट्रोजन वायूचे सजीवांना वापरता येईल अशा रूपात रूपांतर करणारे सूक्ष्मजीव (डायझोट्रॉफ) कोठे व किती आढळले, याच्या नोंदींचा हा मोफत डेटाबेस 2012 मध्ये प्रथम आला आणि 2023 मध्ये त्याची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. पेशींची गणती, निफ-एच या नायट्रोजन स्थिर करण्याशी निगडित जनुकाच्या प्रती आणि स्थिरीकरणाचा वेग यांची सरमिसळ त्यात केलेली नाही, हे मला सर्वांत मोलाचे वाटले; कारण ट्रायकोडेस्मियम या डायझोट्रॉफच्या एकाच पेशीत जीनोमच्या, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाच्या, अनेक प्रती असू शकतात आणि जनुकप्रतींनाच पेशी समजणारा अभ्यासक त्यांची संख्या कित्येक पट फुगवून बसतो.

माझ्या पहिल्या नकाशात मात्र समुद्राचे विस्तीर्ण पट्टे ओसाड दिसले. फाइल वाचताना रिकामे रकाने शून्य धरले गेले होते, म्हणजे जेथे कोणी मोजमापच केले नव्हते तेथे 'शोधूनही सापडले नाहीत' असे मी रंगवून ठेवले होते. चूक माझीच, पण नवख्याकडून ती हमखास होईल, तेव्हा आधी रिकामे रकाने वेगळे काढावेत.

वेगाचे आकडे वापरताना पद्धतीची नोंद पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. नायट्रोजन-15 (नायट्रोजनचे जड समस्थानिक) वायूचा बुडबुडा समुद्राच्या पाण्याच्या बाटलीत थेट सोडण्याच्या जुन्या पद्धतीत वायू सावकाश विरघळतो व वेग कमी भरतो, हे 2010 मध्येच दाखवले गेले आहे. तरीही जुन्या सफरींचे आकडे नव्यांच्या शेजारीच बसलेले आहेत. जागतिक स्थिरीकरणाचा अंदाज पहिल्या आवृत्तीवरून वर्षाला सुमारे 7.4 कोटी टन नायट्रोजन इतका होता, तो दुसरीवरून 22.3 कोटी टनांवर गेला. ही तिप्पट वाढ समुद्रात झालेली नसून नोंदींत झालेली आहे, आणि हिंदी महासागराची भर पडली असली तरी तेथील ठिपके अजून विरळच आहेत.

एक नाव तर वर्षभरातच जुने झाले. उष्ण पाण्यापुरते मर्यादित न राहता बेरिंग समुद्रापर्यंत आढळणारा यूसीवायएन-ए हा डायझोट्रॉफ या डेटाबेसमध्ये सायनोबॅक्टेरिया (प्रकाशसंश्लेषी जिवाणूंचा गट) म्हणूनच येतो, पण 2024 मध्ये त्याला शैवालपेशीचे अंगक (पेशीतला ठरावीक काम करणारा भाग) ठरवून नायट्रोप्लास्ट हे नाव देण्यात आले. त्याच्या जनुकप्रतींचे आकडे त्यामुळे बाद होत नाहीत. नकाशाच्या सूचीतले नाव तेवढे मी हाताने बदलून घेतले.