लो-झेड मोडचा मल्टिमीटर : नऊ महिने वापरल्यानंतर

वॉशिंग मशीनला ओला हात लागला की झिणझिण्या यायच्या. टेस्टर मिणमिणायचा आणि जुना मीटर बॉडी ते न्यूट्रल ११० च्या आसपास व्होल्ट दाखवायचा. इलेक्ट्रिशियन म्हणाला, "काही नाही हो, इंडक्शन आहे." म्हणजे शेजारच्या वायरमुळे उगाच दिसणारं व्होल्टेज. घरचे म्हणाले, मशीनच बदला. शेवटी मी हा मीटर घेतला.

साधा डिजिटल मीटर स्वतः जवळपास काहीच करंट ओढत नाही. त्याचा रोध १० मेगाओहमच्या घरात असतो. त्यामुळे फेजच्या शेजारून गेलेल्या, कशालाच न जोडलेल्या वायरवरही त्याला भरपूर व्होल्ट दिसतात. लो-झेडवर, म्हणजे कमी रोधाच्या मोडवर, माझा मीटर ३ किलोओहमचा भार टाकतो. त्यात असलं पोकळ व्होल्टेज टिकत नाही. मशीनवर ११० चं अर्ध्या व्होल्टवर आलं.

म्हणजे इलेक्ट्रिशियनचंच खरं? मलाही दोन दिवस तसंच वाटलं. पण मशीनच्या आत विजेतला गोंगाट गाळणाऱ्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल, दोन्हीकडून बॉडीला एकेक छोटा कपॅसिटर असतो. अर्थिंग नसेल तर बॉडी २३० च्या साधारण निम्म्यावर तरंगते. असेल तर ते व्होल्टेज अर्थमध्ये उतरतं आणि मीटरला शून्याजवळ दिसतं. ११० दिसणं हीच अर्थ तुटल्याची खूण होती. मी आधी बॉडी ते त्याच सॉकेटची अर्थ पिन असं मोजून शून्य आल्यावर खूश झालो होतो. दोन्ही टोकं एकाच तुटक्या वायरवर, मग फरक दिसणार कसा! सॉकेटमध्ये फेज ते अर्थ लो-झेडवर मोजलं, जवळपास काहीच नाही. मेन बंद करून बॉक्स उघडला तर हिरवी वायर स्क्रूतून निसटलेली.

भावाच्या गिझरची गोष्ट वेगळी. तिथे साध्या मोडवर ९६ आणि लो-झेडवरही ६१ व्होल्ट. भार टाकूनही एवढं उरतं म्हणजे मागे खरी गळती आहे. प्लग तिथल्या तिथे काढायला लावला. एलिमेंटचं आवरण आतून फुटलेलं, वर प्लगमधली अर्थची वायर सुटलेली. हिशेब केला तर त्या बॉडीतून पन्नासेक मिलिअँपिअर निघू शकले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता तक्रारी. चांगलं अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये फेज ते अर्थ लो-झेडवर मोजलं की ७५ हून जास्त मिलिअँपिअर अर्थमध्ये जातात आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती दिसताच वीज तोडणारा स्विच) पडतो. पहिल्यांदा पडला तेव्हा मुलीचा अर्धवट टाइप केलेला प्रोजेक्ट गेला, अजून ऐकवते. (आता मी आधी सगळ्यांना सांगतो आणि आरसीसीबी पडला की अर्थ जोडलेला आहे असं धरतो.) वायरला न टेकवता व्होल्टेज ओळखायची सोय मात्र निव्वळ गोंगाट आहे, भिंतीजवळ नेली तरी बोंबलते. लीड्स ताठ आहेत. नॉबवर लो-झेड अगदी टोकाला आहे, अंधाऱ्या बॉक्ससमोर चाचपडावं लागतं.

आणि एलिमेंटची गळती ओहमच्या रेंजवर हा मीटरही दाखवत नाही. थंड एलिमेंट त्यावर ठणठणीत वाटलं होतं. दोष पकडला तो शेजाऱ्याकडून आणलेल्या ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टरने. तो अजून परत करायचाय.