सायकलीला इंजिन बसवून आठ महिने: पेट्रोलच्या भानगडी आणि त्यावरचे उपाय

गेल्या दिवाळीनंतर जुन्या काळ्या सायकलीला टू-स्ट्रोक इंजिनचं किट बसवलं. विहीर ते गोठा, मळ्यातल्या मळ्यात. आरटीओ पासिंग नाही, म्हणून बांधाबाहेर काढत नाही.

इंजिनाने दगा दिला नाही. छळलं ते टाकीने.

तिसऱ्या महिन्यापासून एकच रड. दहा मिनिटं छान पळायची, मग भुकभुक करून बंद. थोडं थांबलं की परत चालू. मी कार्बोरेटर सहा वेळा खोलला. जेट साफ, फ्लोट ठीक. शेवटी तालुक्याला आयुष्यभर लुना दुरुस्त केलेले एक मिस्त्री म्हणाले, "कार्बोरेटर राहू द्या. नळी काढून बाटलीत सोडा." टाकीखालचा पेट्रोलचा कॉक उघडला. आधी काडीएवढी धार, मग सुतासारखी, मग थेंब थेंब. त्यांनी टाकीचं झाकण सैल केलं, फुस्स करून हवा आत गेली आणि धार परत धरली. झाकणाचं हवेचं भोक रंगाने बुजलं होतं! सुईने मोकळं केलं, खेळ खलास.

कॉकच्या जाळीवर गंजाचा विटकरी चिखलही निघाला. टाकीत व्हिनेगर आणि मूठभर नट टाकून खळखळवली, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, उन्हात कडक वाळवली आणि लगेच ऑइल कालवलेलं पेट्रोल आतून फिरवलं. हे शेवटचं राहिलं तर पत्रा पुन्हा तांबूस होतो. किटची नळीही कडक होऊन चिरली होती, तीही बदलली.

पावसाळ्यात मात्र जपा. पंपावरचं पेट्रोल आता वीस टक्के इथेनॉलचं. इथेनॉल आमच्या उसापासूनही होतं, त्यावर राग नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाशी बसतात, आणि कॉक तळालाच. टू-स्ट्रोकला वंगणाचं ऑइल पेट्रोलमध्येच कालवावं लागतं, आणि ते वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे तळाचं इंजिनात गेलं की पिस्टनला वंगणच नाही. म्हणून मी लिटरला ४० मिली ऑइल घालून आठवड्यापुरतंच कालवतो. काचेच्या बाटलीत थोडं काढून उजेडात धरतो. मध्ये रेघ दिसली तर ते टाकीत घालत नाही.

दोन महिने झाले, कार्बोरेटर खोललेला नाही. प्लग दुधाच्या चहाच्या रंगाचा निघतो, म्हणजे पेट्रोल नीट जळतंय. कॉक अजून किंचित पाझरतो, तेवढा नवा घ्यायचा आहे.